तेल जळते कुठे?

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्यातले गाव वाशिमच्या शिवेला लागून आहे. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. स्वातंत्र्यापूर्वी अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ इथून जातो, पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे स्थानकही इथे आहे, आणि भोवताली सोयाबीन, हरभरा, हळद यांची शेती आहे. परदेशी तेलावरचे अवलंबन कसे कमी करावे, यावर लिहिणारे सहसा मुंबई हाय, जामनगर किंवा होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून सुरुवात करतात. पण तेल येते कुठून हे एव्हाना सर्वांना पाठ झाले आहे. ते जळते कुठे, हा प्रश्न त्याहून कामाचा आहे, आणि त्यासाठी असे एखादे गाव जास्त उपयोगी पडते. लोहमार्ग, रस्ता आणि शेत या तीनही ठिकाणची इंजिने इथे एकाच शिवारात दिसतात, आणि तिघांची गोष्ट वेगवेगळी आहे.

आधी हिशेब पाहू. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के खनिज तेल आयात करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी हे प्रमाण ७८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे स्वावलंबनाच्या घोषणा वाढल्या त्याच काळात परावलंबनही वाढले. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधले तेव्हा देशाला मोठा धीर आला होता, पण ती क्षेत्रे आता म्हातारी झाली आहेत. २०११-१२ मध्ये ३.८ कोटी टनांवर असलेले देशी उत्पादन तीन कोटी टनांच्याही खाली आले आहे. ‘आणखी खोदा’ म्हणणाऱ्यांना हे आकडे पुरेसे उत्तर आहेत. ‘दुकानदार बदला’ हा उपाय २०२२ नंतर करून झाला. रशियाचा वाटा दोन टक्क्यांवरून एक-तृतीयांशाच्या वर गेला, तेल स्वस्त मिळाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच खरेदीचे कारण पुढे करून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. उधारी एका वाण्याकडून दुसऱ्याकडे नेली म्हणून ऋण फिटत नाही.

मग उरते पर्यायी ऊर्जा. इथे एक गैरसमज इतका रुळला आहे की तो सरकारी जाहिरातींतही बिनदिक्कत येतो: सौर पॅनेल आणि पवनचक्क्या वाढल्या की तेलाची आयात घटते. तशी ती घटत नाही. भारतात वीज तेलावर जवळजवळ तयारच होत नाही. ती सुमारे तीन-चतुर्थांश कोळशावर होते. साक्रीच्या माळावरचा सौर प्रकल्प असो की साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पवनचक्क्या, त्यांनी वाचवला तो कोळसा. चांगलेच झाले, पण तेलाच्या खात्यात त्याची नोंद होत नाही. तेल जळते ते ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या इंजिनात आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीत. देशातल्या एकूण पेट्रोलियम खपात एकट्या डिझेलचा वाटा जवळपास ३८ टक्के आहे, पेट्रोलचा सहाव्या हिश्शाच्या आसपास. वीज कितीही हिरवी झाली तरी इंजिनाच्या जागी मोटर बसत नाही तोवर टँकर येतच राहणार.

हे इंजिन बदलण्याचे काम एका ठिकाणी खरोखर झाले आहे: लोहमार्गावर. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला धावली. त्यानंतर ९० वर्षांत जेमतेम २२ हजार किलोमीटर मार्गावर तारा आल्या; २०१४ नंतरच्या अकरा वर्षांत आणखी ४५ हजारांहून अधिक किलोमीटर झाले. कोकण रेल्वेवरचे काम २०२२ मध्ये पुरे झाले, आणि आता महाराष्ट्रातले सारे ब्रॉडगेज मार्ग विजेचे झाल्याचे रेल्वे सांगते. पूर्णा-अकोला हा तर एके काळचा मीटरगेज मार्ग. २००८ च्या सुमारास तो रुंद झाला आणि मागाहून त्यावर खांब-तारा आल्या. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कनेरगावच्या प्रवाशाला यासाठी काहीही करावे लागले नाही. ना त्याने कर्ज काढले, ना अर्ज भरला, ना सवय बदलली. मालक एक, मार्ग ठरलेला, निर्णय एका टेबलावर. म्हणून काम झाले. गाडीच्या इंजिनाला लागणारी वीज कुठल्या कोळशाची, हा प्रश्न रास्त आहे, पण तो प्रदूषणाचा. देशात वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघतो. तो काळा असेल, पण त्याचा भाव ठरवायला कुणा शेखाच्या किंवा राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही. आणि उद्या त्या वीजकेंद्राच्या जागी सौरऊर्जा आली तर रुळावरचे इंजिन पुन्हा बदलावे लागत नाही.

शेतातल्या पंपाची गोष्ट अर्धवट आहे. पुण्याच्या किर्लोस्करांनी १९४६ मध्ये ऑइल इंजिनांची कंपनी काढली आणि ‘इंजिन’ हा शब्दच महाराष्ट्राच्या खेड्यात पाणी उपसण्याच्या यंत्राला लागू झाला. पुढे वीज आली आणि बहुतेक विहिरींवर मोटारी बसल्या. त्यामुळे आजचा सौर पंप बहुतेक ठिकाणी डिझेलची नव्हे, महावितरणच्या विजेची जागा घेतो. डिझेल वाचते ते कोटेशन भरून वर्षानुवर्षे ‘पेड पेंडिंग’ यादीत अडकलेल्या शेतकऱ्याचे, आणि नदीनाल्यावर इंजिन ठेवून पाणी ओढणाऱ्याचे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. पंप सकाळी आठला करंगळीएवढी धार सोडतो, अकरानंतर पाइप भरून वाहू लागतो, आणि आभाळ आले की मधेच धापा टाकतो. हरभऱ्यावर तुषार संच चालवायचा तर दाब लागतो, आणि तो दाब उन्हाच्या चार-पाच तासांतच मिळतो. तरीही रात्रीच्या पाळीची वीज आणि अंधारात बांधावर पाय टाकण्याची भीती यांच्यापुढे दिवसाची धार शेतकऱ्याला परवडते. म्हणून ही योजना चांगली. फक्त तिच्या खात्यावर ‘तेल वाचवले’ असे मोठ्या अक्षरात लिहू नये. शेतीतले खरे डिझेल पंपाहून जास्त ट्रॅक्टरमध्ये जाते.

ज्या पर्यायाचा सर्वाधिक डंका वाजतो त्या इथेनॉलचा हिशेब तर आणखी बारकाईने मांडायला हवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतली दोन, मिरज आणि मनमाड, महाराष्ट्रात. २०१३-१४ मध्ये मिश्रण दीड टक्का होते, २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. अंमलबजावणी म्हणून हे यश निर्विवाद आहे. पण पेट्रोलच मुळी एकूण खपाचा सहावा हिस्सा. त्याचे वीस टक्के म्हणजे एकूण तेलाचे सव्वातीन टक्के. त्यातही इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. तेव्हा प्रत्यक्षात वाचते ते एकूण खपाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. डिझेलला तर इथेनॉल शिवतच नाही. गाडीचे मायलेज घटते म्हणून शहरी वाहनमालकांनी २०२५ च्या उन्हाळ्यानंतर ओरड केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण खरी किंमत पेट्रोल पंपावर नव्हे, शिवारात मोजली जाते. नीती आयोगाच्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. ज्या मिरजेत इथेनॉलचा प्रयोग झाला तिथूनच एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पिण्याचे पाणी लातूरला न्यावे लागले, आणि लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. हा योगायोग असेल, पण बोलका आहे.

ऊस नको तर धान्य, म्हणून धोरण मक्याकडे आणि तांदळाकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये दुष्काळाच्या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली तेव्हापासून तर मक्याला भाव चढला. मका पिकवणाऱ्याचे भले झाले, हे मान्य. पण धान्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला व्यापारी ‘डीडीजीएस’ म्हणतात, तो कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी जाऊ लागला. चोथा स्वस्त, पेंड महाग. खाद्यवाल्यांनी काय उचलावे हे सांगायला नको. सोयाबीनचा दर बहुतांशी पेंडीवर ठरतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. जागतिक मंदी आणि खाद्यतेलाची आयात यांचाही त्यात हात होता. सगळे खापर चोथ्यावर फोडणे बरोबर नाही. तरी हिंगोली-वाशिमच्या सोयाबीनवाल्याच्या दृष्टीने चित्र असे दिसते की परदेशी पेट्रोल वाचवण्याच्या खटपटीत देशी तेलबियांचा भाव पडला. आणि खायचे तेलही आपण निम्म्याहून अधिक बाहेरूनच आणतो! एका तेलाचे परावलंबन हटवताना दुसऱ्याचे वाढवायचे, ही आपली खास किमया.

याच भागाला शोभेल असा मार्ग होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी गोड ज्वारीच्या धाटांपासून इथेनॉल काढून दाखवले. कणीस माणसाला, रस भट्टीला, चिपाड जनावराला. पाणी उसापेक्षा कितीतरी कमी. ज्वारी हे मराठवाड्याचे घरचे पीक. पण धाट तोडल्यावर त्यातली साखर उतरू लागते आणि ती जागच्या जागी गाळणारे छोटे कारखाने कोणी उभे केले नाहीत. उसाच्या मागे कारखाना, बँक, संचालक मंडळ आणि मतदारसंघ उभे होते. ज्वारीच्या मागे फक्त शास्त्रज्ञ.

आता रस्ता. कनेरगावच्या नाक्यावरून जाणाऱ्या मालट्रकांत तेलाच्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि धोरणाने सर्वांत कमी लक्ष दिले आहे तेही त्यांच्याकडेच. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी महामार्गासह काही रस्त्यांवर विजेच्या मोटारी आणि बसना पथकर माफ केला. मालट्रक त्यातून बाहेर ठेवले. ज्याचे डिझेल सर्वांत जास्त त्यालाच सवलत नाही, हे उफराटे आहे. ट्रकची बॅटरी जड होते, माल कमी बसतो, मधल्या ढाब्यावर चार्जर नाही, ही अडचण खरी. म्हणूनच सुरुवात ठरलेल्या मार्गाच्या वाहनांपासून व्हावी, आणि असे वाहन एसटीशिवाय दुसरे कोणते? १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली. १ जून २०२२ रोजी पहिली विजेची ‘शिवाई’ही त्याच रस्त्यावर निघाली. एसटीचे रेल्वेसारखेच आहे: मालक एक, फेऱ्या ठरलेल्या, रात्री गाडी आगारात. तरी ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाल्यावर त्यांचा पुरवठा रखडत राहिला. यामागे केवळ ढिलाई नाही. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, आणि त्यावरच्या मूल्यवर्धित करावर राज्याची तिजोरी बरीच टेकलेली आहे. तेलावर अवलंबून वाहनचालक आहे तसे सरकारही आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: अरबांच्या तावडीतून सुटून चीनच्या तावडीत जायचे काय? बॅटरीचे घटक, पॅनेलचे सेल, मोटरमधली चुंबके, सगळे तिकडचे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंची चुंबके अडवली तेव्हा पुण्याच्या आसपासच्या दुचाकी कारखान्यांनाही झळ लागली, हे खरे आहे. पण दोन परावलंबनांत फरक आहे. तेल रोज विकत घ्यावे लागते आणि रोज जळून जाते. टँकर थांबला की महिनाभरात गाडी थांबते. चीनने पॅनेल देणे थांबवले तर नवे पॅनेल बसणार नाही, पण बांधावर बसलेले पंचवीस वर्षे चालत राहील. नेपाळने हा फरक २०१५ च्या सीमानाकेबंदीत अनुभवला. पेट्रोलसाठी मैलभर रांगा लावलेला तो देश आता आयात करतो त्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून कितीतरी अधिक विजेच्या असतात आणि त्या त्याच्या स्वतःच्या नद्यांच्या विजेवर चालतात.

राहिला ट्रॅक्टर. दसरा-दिवाळीच्या दिवसांत शिवारात मळणी यंत्र फिरते: ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला शाफ्ट गरगरत असतो, दोघे सोयाबीनची सुडी आत लोटतात, एका तोंडातून दाणे पोत्यात पडतात, दुसऱ्यातून कुटार उडते. इंजिन पूर्ण जोरावर, तासन् तास. पुढे हळद शिजवून वाळली की तिचे पॉलिशचे ढोलही असेच फिरतात. ही कामे वर्षातल्या मोजक्या आठवड्यांची. त्यासाठी महाग बॅटरी घेऊन ती उरलेले महिने गोठ्याच्या कडेला उभी ठेवणे कोणाला परवडेल? इथे डिझेल सर्वांत शेवटी जाईल, आणि ते गेले नाही तरी बिघडणार नाही, जर महामार्गावरचे आधी गेले असेल. सध्या मात्र क्रम उलटा लागला आहे. सौर पंपाच्या योजनांचे फलक बांधापर्यंत पोचले, आणि शंभर पावलांवरच्या रस्त्यावरून अकोल्याकडे निघालेल्या ट्रकच्या चालकाला विजेची गाडी घेतली तर ती चार्ज कुठे करायची, हे अजून कोणी सांगितलेले नाही.