प्रोटॉनचा ताळेबंद

दिनांक ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हानजीकच्या सर्न या प्रयोगशाळेने हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा केली, तेव्हा बहुतेक वृत्तपत्रांनी आपल्या वाचकांना असे सांगितले की, सृष्टीतील यच्चयावत पदार्थांना वस्तुमान बहाल करणारा कण अखेर हाती लागला. हे विधान सर्वस्वी असत्य नव्हते. परंतु आपण ज्या पदार्थाचे घडलो आहोत त्याच्यापुरते पाहिले, तर ते जेमतेम शेकडा एक इतकेच सत्य होते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या देहात हिग्ज क्षेत्राची देणगी म्हणून जे दाखवता येईल, ते फार तर अर्ध्या-पाऊण किलोचे. उरलेले एकोणसाठ किलो कोठून आले, हा मामला हिग्जच्या अखत्यारीत येत नाही. तो प्रबल आंतरक्रियेचा, म्हणजे अणुगर्भातील कणांना एकत्र जखडून ठेवणाऱ्या बलाचा आहे. आणि या बलाचा नियम गेली पन्नास वर्षे आपणांस ठाऊक असूनही, त्या नियमातून साधा प्रोटॉन नेमका कसा निष्पन्न होतो, याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाही.

प्रोटॉनच्या पोटात आणखी काही दडले असावे, ही कल्पना १९६४ साली मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी, एकमेकांस नकळत, क्वार्कांच्या रूपाने मांडली. तिला पुरावा मिळाला तो १९६८ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या सरळ त्वरकातून वेगवान केलेले इलेक्ट्रॉन प्रोटॉनांवर आदळून अशा रीतीने विखुरले, की आत बिंदुवत कण आहेत असे मानल्यावाचून गत्यंतर उरले नाही. पुढे १९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पॉलिट्झर यांनी दाखवून दिले की, क्वार्क एकमेकांच्या निकट येतील तसतसे त्यांच्यातील बल क्षीण होत जाते. गुरुत्वाकर्षणाच्या किंवा विद्युत्बलाच्या स्वभावाच्या हे अगदी उलट. याचे कारण असे की, विद्युत्बल वाहून नेणाऱ्या फोटॉनावर स्वतः विद्युत्प्रभार नसतो, परंतु प्रबल बल वाहून नेणाऱ्या ग्लुऑनावर त्या बलाचा ‘वर्ण’ नामक प्रभार असतोच, आणि म्हणून ग्लुऑन केवळ क्वार्कांवर नव्हे, तर परस्परांवरही बल लावतात. एखादा क्वार्क ओढून बाहेर काढण्याचा यत्न केला, तर त्या ओढाताणीत खर्च झालेल्या ऊर्जेतूनच नवा क्वार्क व प्रतिक्वार्क जन्मास येतात, आणि हाती मोकळा क्वार्क न लागता आणखी एक संयुक्त कण लागतो. अशा संयुक्त कणांना हेड्रॉन म्हणतात.

या साऱ्या सिद्धांताचे मूळ समीकरण एका ओळीत मावते. मात्र तीच ओळ पुढे चालवून क्वार्क कायमचे बंदिवासात का राहतात, हे गणिताच्या कडक कसोटीस उतरेल अशा रीतीने कोणी सिद्ध केलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणितसंस्थेने २००० साली ज्या सात प्रश्नांवर प्रत्येकी दहा लाख डॉलरांची बक्षिसे लावली, त्यांतला एक याच जातीच्या सिद्धांतांविषयीचा आहे, आणि ते बक्षीस अजून खजिन्यातच पडून आहे.

तेव्हा प्रोटॉनचा ताळेबंद मांडून पाहण्यासारखा आहे. कणभौतिकीत वस्तुमान ऊर्जेच्या एककात मोजण्याचा प्रघात आहे. त्या मापाने प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. त्याच्यात दोन ‘अप’ क्वार्क, प्रत्येकी सुमारे २.२ चे, आणि एक ‘डाउन’ क्वार्क, सुमारे ४.७ चा, तिघांची बेरीज नवाच्या आसपास. ९३८ च्या पेढीत भागीदारांनी घातलेले भांडवल अवघे नऊ! बाकीची सारी रक्कम ऊर्जेच्या रूपाने जमा आहे, आणि ऊर्जा व वस्तुमान ही एकच वस्तू असल्याचे आइन्स्टाइनने सांगून ठेवल्यामुळे ती तराजूत वजन म्हणून उतरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय गणिताने या रकमेची फोड अशी केली: क्वार्कांच्या धावपळीच्या ऊर्जेचे शेकडा ३२, ग्लुऑनांच्या ऊर्जेचे ३६, क्वांटम सिद्धांताच्या एका सूक्ष्म परिणामातून उद्भवणारे २३, आणि क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाशी निगडित असे ९. या शेवटच्या नोंदीत प्रोटॉनाच्या पोटात क्षणभर उपजून विलीन होणाऱ्या जड क्वार्क-जोड्यांचाही वाटा असल्यामुळे ती वरील शेकडा एकाहून मोठी दिसते. शेकडा तेवीसची नोंद मात्र विलक्षण आहे; क्वार्कांची वस्तुमाने शून्य मानली तरी ती पुसली जात नाही.

असले गणित कागद-पेन्सिलीने होत नाही. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली असा मार्ग सुचवला की, अवकाश आणि काल अखंड न मानता ते एका चौमिती जाळ्याच्या गाठींवर बसवावेत, आणि सिद्धांताचे समीकरण गाठीगाठींवर यंत्राकडून सोडवून घ्यावे. विचार साधा, खर्च अफाट. महासंगणकांची पिढी उलटली तेव्हा, २००८ साली, एका युरोपीय गटास प्रोटॉन व त्याच्या भाऊबंदांची वस्तुमाने थोड्या टक्क्यांच्या अचूकतेने काढता आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या जाळीगणिताची परंपरा जुनी आहे. तेथील सैद्धांतिकांनी, अतितप्त व अतिदाट पदार्थात प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून क्वार्क-ग्लुऑनांचा रस होण्याची सीमा कोठे असावी, या प्रश्नावर वर्षानुवर्षे गणिते केली आहेत. जाळीगणिताचा दबदबा किती वाढला याची साक्ष २०२५ साली मिळाली. म्युऑन नावाच्या कणाच्या चुंबकीय गुणाचा प्रयोगाने मोजलेला आकडा आणि सिद्धांताचा आकडा यांत तफावत असल्याने अज्ञात कणांची चाहूल लागल्याचा गवगवा कित्येक वर्षे चालला होता. सिद्धांताच्या बाजूचा सर्वांत डळमळीत भाग हाच प्रबल आंतरक्रियेचा होता, आणि तो जाळीगणिताने भरून काढताच तफावत जवळजवळ विरून गेली. नव्या भौतिकीची वाट पाहणाऱ्यांचा विरस झाला खरा. परंतु जुन्या सिद्धांताचे हिशेब पुरे होण्यापूर्वीच नव्याच्या मुनादीची घाई करू नये, हे माझे जुने मत त्यामुळे पक्के झाले.

वस्तुमानाचे खाते निदान कागदावर तरी जुळते. परिवलनाच्या खात्यात, ज्यास भौतिकीवाले स्पिन म्हणतात, अजून उणीव आहे. प्रोटॉनाचे परिवलन हे तीन क्वार्कांच्या परिवलनांची बेरीज असावी, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९८७ साली सर्न येथील युरोपीय म्युऑन गटाने ध्रुवित, म्हणजे परिवलनाची दिशा ठरवून दिलेल्या, प्रोटॉनांवर म्युऑन डागून ही बेरीज पडताळली, तेव्हा क्वार्कांचा वाटा नगण्यच निघाला. पुढील अचूक मापनांनी तो शेकडा तीसच्या आसपास ठरवला. मग बाकीचे कोणाचे? न्यूयॉर्क राज्यातील ब्रूकहेवन येथे २००० साली सुरू झालेला रिक हा त्वरक ध्रुवित प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारे जगातील एकमेव यंत्र ठरले. त्याने ग्लुऑनांच्या नावे काही रक्कम खात्री करून जमा केली. तरी ती पुरत नाही. उरलेली बाकी प्रोटॉनाच्या आत भ्रमण करणाऱ्या क्वार्क-ग्लुऑनांच्या कक्षीय गतीत असली पाहिजे, आणि ती गती मोजावयाची तर प्रोटॉनाचे केवळ पृष्ठचित्र पुरे नाही, त्याचे त्रिमिती मानचित्र हवे. व्हर्जिनियातील जेफर्सन प्रयोगशाळेत या मानचित्राचा आरंभ झाला आहे. २०१८ साली तेथील संशोधकांनी प्रोटॉनाच्या अंतर्भागातील दाब काढला, तो एकावर पस्तीस शून्ये इतके पास्कल, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यातील दाबाहूनही अधिक, भरला.

प्रोटॉन केवढा, एवढा साधा प्रश्न तरी सुटला असेल असे वाटावे. पण तोही दशकभर रेंगाळला. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. २०१० पूर्वी प्रोटॉनाची त्रिज्या ०.८७६८ फेम्टोमीटर अशी कोष्टकांत नोंदलेली होती. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत रँडॉल्फ पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनातील इलेक्ट्रॉनच्या जागी त्याहून २०७ पट जड असा म्युऑन बसवला. म्युऑन प्रोटॉनाच्या तितकाच अधिक निकट फिरतो, म्हणून प्रोटॉनाच्या आकाराचा परिणाम त्याच्या ऊर्जापातळ्यांवर फार ठळकपणे उमटतो. आणि त्याने दिलेला आकडा होता ०.८४१८. फरक शेकडा चारच, परंतु दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या मानाने अक्षम्य. म्युऑन व इलेक्ट्रॉन यांना निराळी वागणूक देणारे एखादे नवे बल असावे, असे तर्क सुरू झाले. २०१८ साली पॅरिसच्या मापनाने मोठ्या आकड्याची बाजू घेतली. २०१९ मध्ये टोरांटोच्या आणि जेफर्सन प्रयोगशाळेच्या मापनांनी लहान आकड्याला कौल दिला, आणि अधिकृत कोष्टकांनीही ०.८४१४ हा आकडा स्वीकारला. निकाल लागला म्हणावे, तर जुन्या प्रयोगांत नेमके काय चुकले होते याचे समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप आलेले नाही. म्हणूनच पॉल शेरर संस्थेतील म्यूझ या प्रयोगात इलेक्ट्रॉन व म्युऑन दोहोंना एकाच यंत्रणेतून प्रोटॉनांवर विखुरण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, आणि सर्न येथेही ॲम्बर हा प्रयोग म्युऑनांच्या साहाय्याने तेच करू पाहत आहे.

प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पलीकडे हेड्रॉनांचे गोत्र अफाट आहे, आणि त्यात अलीकडे चार-पाच क्वार्कांचे दुर्मिळ सदस्य दाखल झाले. जपानमधील बेल प्रयोगाने २००३ साली एक कण पाहिला, जो नेहमीच्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीच्या चौकटीत बसेना. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने २०१५ साली पंचक्वार्कांची, तर २०२१ साली दोन ‘चार्म’ क्वार्क असलेल्या चतुष्क्वार्काची नोंद केली. हे चार-पाच क्वार्क एकाच कोठडीत दाटीने राहतात की दोन हेड्रॉन शेजाऱ्यांसारखे सैलपणे बांधलेले आहेत, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाही, आणि अशा कणांना टेलिफोनच्या क्रमांकांसारखी नावे देण्याची पद्धत त्यात सामान्य वाचकाची काही मदत करीत नाही.

या क्षेत्रातील मराठी नावांत डॉ. रोहिणी गोडबोले यांचे नाव अग्रभागी घ्यावयास हवे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून व मुंबईच्या आय.आय.टी.तून शिकलेल्या, टाटा संस्था व मुंबई विद्यापीठ येथे काम करून पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्थिरावलेल्या या विदुषीने मॅन्युएल ड्रीस यांच्यासमवेत गत शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी असे दाखवले की, अतिउच्च ऊर्जेस फोटॉनही क्षणभर क्वार्क-ग्लुऑनांच्या रूपात प्रकटतो, आणि म्हणून प्रकाश व प्रकाश यांच्या टकरीतूनही हेड्रॉनांचा लोंढा निघू शकतो. ही केवळ तात्त्विक मौज नव्हती. भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकांची आखणी करताना हा लोंढा हिशेबात धरणे भाग पडले. २०२४ च्या ऑक्टोबरात पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता पुढील यंत्रांकडे वळू. जर्मनीत डार्मश्टाट येथे फेअर नावाचे विशाल संकुल उभारले जात आहे, १.१ किलोमीटर परिघाचा नवा त्वरक हा त्याचा कणा, आणि भारत हा त्याच्या संस्थापक भागधारकांपैकी एक, ज्याच्या सहभागाची सूत्रे कोलकात्याच्या बोस संस्थेकडे आहेत. तेथील एका प्रयोगात जड अणुगर्भ परस्परांवर आदळवून न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्याइतका दाट पदार्थ क्षणभर घडवण्याचा बेत आहे.

माझ्या मते अधिक निर्णायक यंत्र मात्र ब्रूकहेवनचेच ठरेल. रिकच्या ३.८ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात त्याच्या दोन कड्यांपैकी एक कायम ठेवून शेजारी इलेक्ट्रॉनांचे नवे कडे बसवावयाचे, आणि ध्रुवित इलेक्ट्रॉन ध्रुवित प्रोटॉनांवर किंवा सोन्यासारख्या जड अणुगर्भांवर आदळवावयाचे, ही इलेक्ट्रॉन-आयन त्वरकाची योजना. स्थळ २०२० च्या जानेवारीत मुक्रर झाले आणि चालू शतकाच्या चौथ्या दशकात ते कार्यान्वित होण्याची अपेक्षा आहे. भारतातील ज्या संस्था त्यात सहभागी आहेत त्यांत मुंबईची आय.आय.टी.ही आहे. हॅम्बर्ग येथील हेरा त्वरकाने १९९२ ते २००७ या काळात एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती: प्रोटॉनाच्या संवेगाचा जितका अल्पांश वाहणारे ग्लुऑन शोधावेत, तितकी त्यांची संख्या भराभर वाढत जाते. ही वाढ अमर्याद असू शकत नाही. कोठेतरी ग्लुऑनांची गर्दी इतकी होईल, की नवे जितके उपजतील तितकेच परस्परांत विलीन होतील. ती संपृक्त अवस्था जड अणुगर्भात लवकर गाठता यावी, म्हणून सोन्याची निवड.

त्याच यंत्रात ‘बॉटम’ क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांच्या जोडीतून बनलेला अप्सिलॉन हा जड कण प्रोटॉनाजवळ, निर्मितीला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या उंबरठ्यावर, घडवून पाहण्याचाही विचार आहे. हा कण प्रोटॉनातील क्वार्कांकडे जवळजवळ पाठ फिरवतो आणि ग्लुऑनांशीच संबंध ठेवतो. जेफर्सन प्रयोगशाळेत जे-साय नावाच्या त्याच्या हलक्या भावंडाकडून हे काम आरंभिलेही गेले आहे. उंबरठ्यावर असे कण किती प्रमाणात घडतात, तो आकडा पुरेशा अचूकतेने मिळाला, तर २०१८ च्या गणिताने संगणकात बसून लिहिलेली शेकडा तेवीसची ती नोंद प्रयोगाच्या बाजूने पडताळण्याचा एक मार्ग खुला होईल.