बेभरंवशाच्या गड्याची परीक्षा

सुटींत आम्ही शिरूरचे व दौंडचे मित्र आपापल्या घरीं बसून पोकेमॉन शोडाउन हा २०११ सालीं निघालेला इंटरनेटवरील द्वंद्वाचा खेळ खेळतों. पथकांत सहाच प्राणी घेतां येतात. त्यांतील ‘स्टारमी’ ठेवावी कीं काढावी, असा तंटा आमच्यांत पडला आहे. तिचा ‘हायड्रो पंप’ हा प्रहार ११० बळाचा, पण शंभरांत वीस वेळां हुकणारा. ‘सर्फ’ ९० बळाचा व सहसा न हुकणारा. ११० चे ८० टक्के ८८. म्हणजे सरासरीनें सर्फच सरस! परंतु सरासरीनें शत्रू पडत नाहीं. सर्फमधून थोडक्यांत बचावून उलट वार करणारा प्राणी पंपाच्या एकाच तडाख्यानें आडवा होऊं शकतो, व तेथेंच डाव फिरतो.

मग परीक्षा कशी घ्यावी? दहा प्रहारांवरून निवाडा करणें न्याय्य नव्हे. असल्या प्रहाराचे दहांपैकीं चार किंवा अधिक वार हुकण्याचा संभव सुमारें आठांत एक असतो. यास्तव इतर पांच गडी न बदलतां पुष्कळ डाव खेळावे, व प्रत्येक पराजयापुढें टिपावें कीं, वार हुकल्यामुळें हरलों, कीं सगळे वार लागूनहि हरलों? दुसरेच पराजय अधिक भरले, तर दोष नेमाचा नव्हे, निवडीचा. आमचे दौंडकर मित्र मात्र हुकलेला एक वार महिनाभर विसरत नाहींत! वही अद्यापि भरत आहे. स्टारमी तूर्त पथकांतच आहे.