पासपोर्ट मिळाला तरी तयारी उरतेच

तेरेखोल नदीच्या मुखावरच्या, पेडण्यातल्या केरीपासून डिचोलीच्या खाणपट्ट्यापर्यंत, तरुण मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की तो परदेशापाशी येऊन थांबतो. याला कारणं आहेत. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 लीझ रद्द ठरवल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक, बार्ज आणि गॅरेज यांच्या जिवावर चाललेली डिचोलीतली घरं एका निकालासरशी उघडी पडली. अशा वेळी बाहेर जाण्याचा विचार करणं शहाणपणाचंच आहे. अडचण वेगळीच आहे. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला की परदेशी जाण्याची तयारी संपली, असं अनेक घरांत गृहीत धरलं जातं. खरं तर पासपोर्ट हा मागे फिरायला अवघड असा निर्णय आहे. म्हणून बाकीची तयारी त्याच्या आधी व्हायला हवी.

पहिला गैरसमज दोन नागरिकत्वांचा. पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत त्यांच्याकडे राहिला. त्या दिवसापूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांचा नागरिकत्वाचा मार्ग पोर्तुगालचा कायदा खुला ठेवतो. त्यामुळे पोर्तुगाल आपल्याला आपलाच मानतो, मग भारताचं काय जातं, असा युक्तिवाद होतो. पण भारताचा 1955 चा नागरिकत्व कायदा कलम 9 मध्ये स्पष्ट सांगतो की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. निव्वळ जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झाला आहे. पासपोर्ट घेतल्यावर मात्र वादाला फारशी जागा राहत नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तो वापरत राहणं गुन्हा ठरतो.

यावर उत्तर तयार असतं: ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे ना! हे कार्ड उपयोगी आहे यात शंका नाही. आयुष्यभर व्हिसाविना ये-जा करता येते, भारतात राहता येतं, बहुतेक खासगी नोकऱ्या करता येतात. पण ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरीचा हक्क राहत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत किंवा कुळागर वारसाने मिळू शकतं. शेजारचा तुकडा विकत घेऊन ते वाढवता येत नाही. पेडणे-डिचोलीत घराची ओळखच जमिनीशी बांधलेली आहे. म्हणून कोणत्या भावंडाने पासपोर्ट घ्यायचा आणि जमिनीचे कागद आधी कसे नीट करायचे, हे घरात बसून ठरवण्याचे प्रश्न आहेत.

दुसरा गैरसमज इंग्लंडचा. स्विंडनसारख्या शहरांत गोवेकरांनी संसार थाटले, मग आपण का नाही, असं विचारलं जातं. ते गेले तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता आणि पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे काम करण्याचा हक्क होता. तो हक्क 31 डिसेंबर 2020 ला संपला. आधीपासून तिथे राहणाऱ्यांसाठीच्या योजनेची मुख्य मुदतही 30 जून 2021 ला सरली. आज नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला नोकरीसाठी व्हिसा लागतो, आणि जुलै 2025 पासून कुशल कामगार व्हिसाच्या अटी अधिक कडक झाल्या आहेत. स्विंडनच्या गोवेकरांचं यश खरं आहे, पण ज्या दारातून ते गेले ते दार आता बंद आहे.

मग उरलेला युरोप? आयर्लंडपासून जर्मनीपर्यंत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क या पासपोर्टवर मिळतो, हे अगदी खरं. मात्र हक्क मिळाला म्हणजे पात्रता मान्य झाली असं नाही. गोव्यात नर्सिंग शिकलेल्या मुलीने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, तरी तिची पदवी भारतीयच राहते. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तर त्या पदवीला तिथली मान्यता लागते आणि साधारणपणे बी-2 पातळीचं जर्मन यावं लागतं. शून्यापासून ती पातळी गाठायला वर्ष सहज जातं. ते वर्ष घरी राहून अभ्यासात घालवलं, तर तिथे उतरल्यावर गोदामात सामान उचलण्याऐवजी स्वतःच्या पेशात काम मिळण्याची शक्यता वाढते. गोदामातलं काम हलकं नाही, कष्टाचंच आहे. पण दीर्घ कारकिर्दीची पायरी आणि पोटापुरती मजुरी यांतला फरक बहुधा या एका वर्षात ठरतो.

आखाताला एवढी तयारी लागत नाही, हा तिसरा समज. तिथे कायमचं नागरिकत्व बहुधा मिळत नाही, म्हणून परतीचा हिशेब जाण्याआधीच मांडावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा. एकूण पगाराचा आकडा मोठा आणि मूळ पगार लहान असेल, तर वीस वर्षांनी हातात येणारी रक्कमही लहानच. करारात हा आकडा आधी पाहावा. एजंट परवानाधारक आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावं. कामासाठी व्हिजिट व्हिसावर जाऊ नये.

एवढा विचार करत बसलं तर संधी हातची जाईल, अशी भीती असते. पण 1961 पूर्वीच्या जन्मावर आधारलेला हक्क हा वर्षभर भाषा शिकल्याने नाहीसा होत नाही. भारतीय नागरिकत्व मात्र एकदा गेलं की ते परत मिळवायला लांब प्रक्रिया करावी लागते. म्हणून क्रम असा असावा: आधी पेशा आणि देश ठरवावा, मग पदवीची मान्यता आणि भाषा यांच्या मागे लागावं, जमीन व बँकेचे व्यवहार मार्गी लावावेत, आणि पासपोर्टची गरज खरोखर आहे का हे शेवटी तपासावं. कित्येकांना भारतीय पासपोर्टवर रीतसर वर्क व्हिसा पुरेसा असतो, आणि त्यांना आपल्या नागरिकत्वाची किंमत मोजून हा प्रवास करण्याची गरजच पडत नाही.