खेळयंत्राची किल्ली कोणाच्या कनवटीला?

आजच्या विषयाचे नाव वाचून काही वडीलधाऱ्या श्रोत्यांनी भुवया उंचावल्या असतील, तर तो त्यांचा दोष नव्हे. मुलांच्या हातातल्या खेळयंत्राविषयी आपल्या घरात चर्चा होते ती डोळे बिघडतात की नाही, आणि अभ्यास मागे पडतो की नाही, एवढीच. परंतु त्या यंत्रापाशी एक असा प्रश्न उभा आहे की जो वकिलाला, ग्रंथपालाला आणि दुकानदारालाही सोडवावा लागेल. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू आपली होते की नाही? तिच्यावर काय चालवावयाचे हे घेणाऱ्याने ठरवावे, की करणाऱ्याने?

या यंत्रांना 'हँडहेल्ड कन्सोल' म्हणतात. आपण सोयीसाठी हातयंत्र म्हणू. त्यांचे उपयोग तीन. पहिला सरळ आहे: कंपनीने केलेली, किंवा तिच्या परवान्याने दुसऱ्याने केलेली गेम विकत आणावी आणि खेळावी. दुसऱ्याचे नाव 'होमब्रू'. शब्द मूळचा घरी गाळलेल्या बिअरचा; आपल्या सभेला घरच्या लोणच्याची उपमा अधिक शोभेल. एखादा हौशी प्रोग्रॅमर कोणाचा परवाना न घेता त्या यंत्रासाठी स्वतः गेम लिहितो आणि बहुधा फुकट वाटून टाकतो. कधी ती गेम नसतेही. पुस्तक वाचण्याचा, गाणी ऐकण्याचा एखादा प्रोग्रॅम असतो. तिसरा उपयोग 'एम्युलेशन'चा, आणि तो जरा सावकाश समजून घ्यावा लागेल.

आपल्याकडे बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात उभा राहिला, की नवखा माणूस क्षणभर दचकतो. एम्युलेटर हा असाच बहुरूपी आहे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८९ साली 'गेम बॉय' नावाचे हातयंत्र बाजारात आणले. त्याच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, आणि त्यांत रंग असा नाहीच, फक्त चार छटा. त्यासाठी लिहिलेली गेम त्याच यंत्राच्या भाषेत बोलते. दुसऱ्या यंत्राला ती कळत नाही. एम्युलेटर हा प्रोग्रॅम नव्या यंत्राला जुन्याचे सोंग देतो. गेम विचारते, "अमुक बटण दाबले काय?" तर हा गेम बॉयच्या आवाजात उत्तर देतो. ती म्हणते, "अमुक ठिपका काळा कर," तर हा आपल्या पडद्यावर तसा ठिपका उमटवतो. आपण परक्या घरात आहोत याचा गेमला पत्ताच लागत नाही.

सोंग फुकट मात्र होत नाही. जुन्या यंत्राची एक आज्ञा वटवावयाची, तर नव्या यंत्राला स्वतःच्या कित्येक आज्ञा खर्चाव्या लागतात. म्हणून मूळ यंत्राहून नवे यंत्र अनेकपट वेगवान असावे लागते. यात दोन पद्धती आहेत. एक दुभाष्याची: वाक्य ऐकावे, उलथावे, सांगावे, तेच वाक्य पुन्हा आले तर पुन्हा उलथावे. दुसरी अनुवादकाची: उतारा एकदा उलथून कागदावर ठेवावा आणि लागेल तेव्हा तोच वाचावा. दुसरी पद्धत पुष्कळ वेगवान, परंतु लिहावयास महाकठीण. ज्यांनी ती हातयंत्रांसाठी हौसेने, कोणाचा पगार न घेता लिहिली, त्या मंडळींविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता दोन यंत्रे समोरासमोर ठेवू, म्हणजे सगळा वाद डोळ्यांपुढे येईल. पहिले सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन पोर्टेबल', अर्थात पीएसपी. ते डिसेंबर २००४ मध्ये जपानात आणि मार्च २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. दुसरे कोरियातील गेमपार्क होल्डिंग्ज कंपनीचे 'जीपी२एक्स', २००५ च्या अखेरीचे. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा. पडदा रुंद, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, आणि त्या काळी पाहणाऱ्याला मोह पडावा असा. जीपी२एक्सपाशी २०० मेगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर. पडदा ३२० बाय २४०. आणि शक्ती पुरवण्यास टॉर्चमध्ये घालतो तसले दोन पेन्सिल सेल. साधे सेल ते यंत्र असे गिळून टाकी की मालकाला लवकरच पुन्हा भरता येणाऱ्या सेलची जोडी घ्यावी लागे.

दुकानातल्या गेमच्या दृष्टीने ही तुलना तुलनाच नव्हे. पीएसपीसाठी मोठमोठ्या कंपन्यांनी शेकडो गेम काढल्या, आणि ती यंत्रे जगभर सुमारे आठ कोटी खपली. जीपी२एक्ससाठी विकतच्या गेम बोटांवर मोजण्याइतक्या. मग ते कोणी घ्यावे आणि कशासाठी? उत्तर एका वाक्यात आहे: त्याच्या दाराला कुलूपच नव्हते. आत लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. साध्या एसडी कार्डावर आपला प्रोग्रॅम ठेवावा, कार्ड खोचावे आणि चालवावे. कंपनीने यंत्र करून विकले आणि ती बाजूला झाली.

पीएसपीचे कुलूप कसे होते? कंपनीपाशी एक गुप्त किल्ली असते, मोठ्या संख्येच्या रूपात. तिने प्रत्येक गेमवर गणिती मोहोर उठवावयाची. यंत्र गेम चालवण्यापूर्वी मोहोर तपासते. खरी असेल तर आत घेते, नाही तर दारातूनच परत पाठवते. मोहोर तपासणे कोणालाही जमेल, उठवणे मात्र किल्लीवाल्यालाच. हौशी प्रोग्रॅमरपाशी किल्ली नाही, म्हणून त्याचे लोणचे कितीही चविष्ट असो, पंगतीत वाढता येत नाही.

कंपन्या असे का करतात याला कारण आहे, आणि ते केवळ लोभाचे नाही. हा धंदा पुष्कळसा दाढीच्या पात्यांसारखा चालतो. यंत्रावर फायदा थोडा, कधी नाहीच, आणि खरी कमाई प्रत्येक गेमच्या विक्रीतून मिळणाऱ्या वाट्यावर. शिवाय १९८३ साली अमेरिकेत निकृष्ट गेमचा एवढा सुकाळ झाला की गिऱ्हाईक विटले आणि सारा बाजार कोसळला. तो अनुभव ताजा असतानाच निन्टेंडोने १९८५ साली अमेरिकेत नेलेल्या घरगुती यंत्रात परवान्याशिवायची गेम अडवणारी खास चिप बसवली. कुलपांची परंपरा तिथून चालत आली आहे.

पण कुलूप दिसले की ते उघडणारा जन्मास येतोच. जपानात विकल्या गेलेल्या पहिल्या पीएसपी, म्हणजे १.०० या आवृत्तीच्या, मोहोर नसलेले प्रोग्रॅमही चालवीत. ही गोष्ट २००५ च्या उन्हाळ्यात उघड झाली. १.५० या आवृत्तीत ती फट बुजली, तर लोकांनी दोन कार्डे ऐनवेळी अदलाबदल करण्याची युक्ती काढली. २.०० आली, तर एका चित्रफाइलीतच सुरुंग पेरून दार उघडले. कंपनीनेही डाव टाकला. नव्या गेमच्या तबकडीवरच नवी आवृत्ती देऊ लागली, आणि ती यंत्रात घातल्यावाचून गेम सुरू होईना. म्हणजे मालकापुढे दोनच वाटा. जुन्या आवृत्तीवर राहून घरचे आणि सोंगाचे खेळ खेळावे, किंवा नवी घेऊन दुकानातल्या नव्या गेम खेळाव्या. एकाच यंत्राच्या पोटात दोन यंत्रे होती, आणि एकाला जेवू घातले की दुसरे उपाशी! पुष्कळ हौशी लोकांनी अखेर दोन पीएसपी बाळगल्या, याचा कंपनीला आनंद झाला असावा.

२००७ सालच्या दोन गोष्टी तर नाटकात शोभाव्या अशा आहेत. 'ल्युमिनेस' नावाची अडीच वर्षांपूर्वीची कोड्याची गेम होती. तिच्यातील एका चुकीतून ३.५० ही आवृत्ती फोडता येते असे जूनमध्ये जाहीर झाले, आणि ॲमेझॉनवर त्या विस्मरणात गेलेल्या गेमची मागणी एकाएकी उसळली. दुसरी गोष्ट बॅटरीची. दुरुस्तीच्या कामासाठी कंपनीची एक खास बॅटरी असे. ती बसवली की यंत्र स्वतःचे काही न ऐकता थेट कार्डावरचा प्रोग्रॅम चालवी. साध्या बॅटरीच्या आतील क्रमांक बदलला की तीच किमया साधते असे उघडकीस आले. दाराला कुलूप भक्कम, आणि किल्ली पायपुसण्याखाली!

येथे दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिक होईल. ज्या दारातून घरचे लोणचे आत आले त्याच दारातून चोरीचा मालही आला, आणि मालच जास्त आला. 'निन्टेंडो डीएस' या पंधरा कोटींहून अधिक खपलेल्या यंत्रासाठी 'आर४' या नावाची कार्ट्रिजे मिळू लागली. त्यांवर होमब्रू चालत असे हे खरे. पण विकत घेणाऱ्यांतले बहुतेक नव्या गेम फुकट खेळण्यासाठीच घेत. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००९ च्या फेब्रुवारीत त्यांची विक्री थांबवण्याचा हुकूम दिला, तो मला वावगा वाटत नाही. गेम लिहिणाऱ्यालाही पोट आहे.

मात्र सोंग घेणे आणि चोरी करणे या दोन गोष्टी न्यायालयांनी वेगळ्या मानल्या आहेत. प्लेस्टेशनचे सोंग घेणारा प्रोग्रॅम विकणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर सोनीने अमेरिकेत दावा लावला. यंत्राचे अंतरंग अभ्यासण्यासाठी तात्पुरती नक्कल करणे हा न्याय्य वापर आहे, असा निकाल २००० साली अपील न्यायालयाने दिला. त्यानंतर २०२४ साली 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांवर निन्टेंडोने खटला भरला, तेव्हा भर सोंगापेक्षा कुलूप फोडण्यावर होता. तो खटला २४ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत रीतसर बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या भीतीने, राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ साली आलेले कलम ६५अ कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण त्यामागे हक्कभंगाचा हेतू असला पाहिजे, अशी अट घालते. हेतू पाहणारी ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. १९९६ साली जपानात निघालेल्या गेम बॉयवरील 'पोकेमॉन'च्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपण्यासाठी बटणाएवढा सेल बसवलेला आहे. तो पंधरावीस वर्षांत संपतो, आणि मुलाने महिनोन्‌महिने खेळून जमवलेले सारे पुसले जाते. अमेरिकेत कंपनीच्या मालकीच्या कृतीवरील हक्क मात्र प्रसिद्धीपासून ९५ वर्षे चालतो. १९८९ ची गेम २०८४ च्या अखेरपर्यंत बंधनात राहणार. सेल वीस वर्षांचा, हक्क पंचाण्णव वर्षांचा. मधल्या पाऊणशे वर्षांत ती गेम सांभाळावयाची कोणी? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी शेकडा ८७ बाजारात रीतसर मिळतच नाहीत असे आढळले. पीएसपीवरून गेम विकत घेण्याचे सोनीचे दुकान जुलै २०२१ मध्ये बंद झाले. निन्टेंडोच्या ३डीएसचे मार्च २०२३ मध्ये. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आज कोणालाही संपूर्ण पाहता येत नाही, ही हळहळ आपल्याला ठाऊक आहे. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

या गेम आज चालतात त्या बव्हंशी त्या बहुरूप्यांच्या जिवावर, आणि ते बहुरूपी लिहिले गेले ते हौशी लोकांकडून. गंमत अशी की कंपन्याही आता त्याच वाटेने जातात. जुन्या प्लेस्टेशनच्या गेम सोनीने २००६ पासून पीएसपीवर विकल्या, त्या सोंग देऊनच. निन्टेंडोने २०१६ साली आपल्या जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती काढली, तिच्याही पोटात लिनक्स आणि एम्युलेटर होता.

आजच्या बाजारात काय घ्यावे, असे सभा संपल्यावर पालक विचारतातच. निन्टेंडोच्याच गेम हव्या असतील, तर २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या 'स्विच २' ला पर्याय नाही. पण अमेरिकेतील तिच्या करारनाम्यात अनधिकृत फेरफार केल्यास यंत्र कायमचे निकामी करण्याचा अधिकार कंपनीने राखला आहे, हे जाणून घ्यावे. तिच्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतेच. असते ती केवळ किल्ली, आणि गेम कंपनीच्या भांडारातून उतरवून घ्यावी लागते. विकतचे आणि घरचे दोन्ही एकाच ताटात हवे असेल, तर व्हॉल्व्ह कंपनीचे २०२२ चे 'स्टीम डेक' आहे. लिनक्सवर चालते आणि मालकाला आत शिरू देते, मात्र खिशात मावत नाही. मुलाला गेम लिहावयास शिकवावयाचे असेल, तर त्याच वर्षीचे 'प्लेडेट' पाहावे: पिवळे, चिमुकले, कडेला फिरवण्याचा दांडा असलेले. त्यावर कोणीही आपली गेम चढवू शकतो. केवळ जुन्या गेम खेळण्यासाठी चीनमध्ये तयार झालेली स्वस्त यंत्रेही पुष्कळ मिळतात. सोबतच्या कार्डात हजारो गेम भरून मिळतात, तो माल रीतसर नव्हे. यंत्र ठेवावे, कार्ड बदलावे. आणि कोणी जुने पीएसपी हौसेने घेणार असेल, तर पैसे देण्यापूर्वी मागचे झाकण उघडून पाहावे. त्यांच्या बॅटऱ्या आता वयाने फुगतात, आणि फुगलेली बॅटरी चार्जरला लावणे धोक्याचे असते.