कागदावरची तिथी आणि पायथनची तारीख

इंदूरच्या जुन्या घरांतून मंडळाकडे जे कागद येतात, त्यांची यादी मी करतो. पूर्वी वहीत करायचो, आता पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं. मी काही संगणकवाला नाही, नातवाकडून शिकलो. तारखांच्या बाबतीत मात्र जे शिकलो ते चुका करूनच.

पायथनमध्ये तारखेची दोन कामं असतात. लिहिलेला मजकूर वाचून त्याची तारीख बनवणं, ते ‘स्ट्रपटाइम’ करतं. ती तारीख हव्या त्या रूपात छापणं, ते ‘स्ट्रफटाइम’. दोघांनाही साचा द्यावा लागतो. टक्क्याच्या चिन्हापुढे लहान डी म्हणजे दिवस, लहान एम म्हणजे महिना, मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष आणि लहान वाय म्हणजे दोन आकडी.

पहिली फजिती या लहान वायनं केली. पेन्शनच्या एका अर्जावर १२/३/४८ असं होतं. यादीत तो अर्ज २०४८ सालचा झाला! नियमच तसा आहे: ६९ ते ९९ हे आकडे १९६९ ते १९९९ धरले जातात आणि ०० ते ६८ हे २००० ते २०६८. सगळे हसले, मी दुरुस्त केलं. अशी चूक आपणहून ओरडून सांगते, म्हणून तिची भीती नाही.

दुसरी गप्प बसली. काही पत्रांवर नुसतं साल होतं. साच्यात फक्त मोठा वाय दिला की पायथन दिवस-महिना रिकामा ठेवत नाही, १ जानेवारी भरतो. आमच्या यादीत इतकी माणसं नववर्षाच्या दिवशीच पत्रं लिहीत होती की शेवटी मलाच शंका आली.

तिसरी चूक पायथनची नव्हती, माझी होती, आणि तीच सर्वांत जड. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. वद्य पक्षात तिथी तीच, पण महिन्याचं नाव एकानं पुढे. अहिल्याबाई गेल्या त्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी, शके १७१७, श्रावण वद्य चतुर्दशीला. इंदुरात त्यांची पुण्यतिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला होते. दिवस एकच. लहानपणापासून पालखी पाहणाऱ्या मला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

एका मराठी घराच्या हिशेबवहीत मुनिमानं पणजीच्या मृत्यूची नोंद केली होती, ‘भादों बदी ५, संवत १९७०’. मी यादीत ‘भाद्रपद वद्य ५’ असं शुद्ध मराठी केलं. पुढे माझ्या तक्त्यानं ते अमान्त धरलं आणि स्ट्रफटाइमनं सप्टेंबर १९१३ मधली तारीख वारासकट सुबक छापून दिली. खरी तारीख ऑगस्टमधली. मुनीम हिंदीत लिहीत होता, महिनाही हिंदीच मोजत होता. घरच्यांनी ती तारीख वंशावळीत चढवली होती. एवढंच नाही, वर्षश्राद्धाची तिथीही त्यावरून ठरवायची असं चाललं होतं.

म्हणून आता पहिला रकाना ‘कागदावर आहे तसं’. त्यात अक्षरही बदलायचं नाही, ‘भादों’ तर ‘भादों’च. दुसऱ्यात पद्धत: अमान्त, पूर्णिमान्त, किंवा रिकामं. मग दोन तारखा, लवकरात लवकरची आणि उशिरात उशिराची. नुसतं साल असेल तर १ जानेवारी आणि ३१ डिसेंबर. तारखा साल-महिना-दिवस अशाच लिहितो, १७९५-०८-१३. नुसता मजकूर म्हणून लावल्या तरी क्रम बरोबर येतो, देवनागरी आकड्यांतसुद्धा. महिना-दिवस एकआकडी असला तर आधी शून्य मात्र हवं, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.

त्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो. आजींनी वंशावळ काढली, सप्टेंबरवर काट मारली आणि शेजारी ‘भादों बदी ५’ लिहायला लावलं. इंग्रजी तारीख लिहू का विचारलं, तर म्हणाल्या, “पंचांग बघून खात्री करा, मग लिहा.”