फ्रिजसोबत फुकट काय आलं?

शून्य टक्के ईएमआयवर वस्तू घेताना नको असलेली वॉरंटी आणि कसलंसं 'प्रोटेक्शन' गळ्यात पडलंय? ते पैसे परत मागता येतात. थोडा चिवटपणा मात्र हवा!

गेल्या दसऱ्याच्या आदल्या रविवारी दादा-वहिनी बदलापूरहून उल्हासनगरला फ्रिज घ्यायला गेले. नव्या फ्लॅटचं पझेशन नुकतंच मिळालेलं, होम लोनचा हप्ता सुरू झालेला, त्यामुळे रोखीचा प्रश्नच नव्हता. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा आमच्या लाइनवरचा जुना जोक. पण घर लावायचं म्हटलं की अंबरनाथ-बदलापूरकरांची पावलं आजही याच बाजाराकडे वळतात.

फ्रिज २६,९९० रुपयांचा. दहा हप्ते, व्याज शून्य. काउंटरवरच्या पोराने आधार, पॅन घेतलं, फोटो काढला, 'मॅडम, ओटीपी सांगा' असं तीनदा म्हटलं आणि वीस मिनिटांत काम फत्ते!

पहिला हप्ता कापला गेला ३,०४९ रुपयांचा. दहाने भागलं तर यायला हवेत २,६९९. वरचे साडेतीनशे कसले? दादाचं उत्तर तयार, 'असेल काहीतरी प्रोसेसिंग फी.' वहिनी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. 'असेल काहीतरी' हे तिच्या डोक्यात जातं. तिने लोनचं स्टेटमेंट डाउनलोड केलं. फ्रिजच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. एक्स्टेंडेड वॉरंटी २,३०१ रुपये. मोबाइल, कार्ड हरवलं तर मदत करणारा प्रोटेक्शन प्लॅन १,१९९ रुपये. एकूण साडेतीन हजार.

दुकानात फोन लावला, तर उत्तर आलं, 'अहो मॅडम, ते कंपलसरी असतं. त्याशिवाय लोन पासच होत नाही.'

कंपलसरी? कोण म्हणतं?

हे साफ खोटं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी सक्ती करणं ही चुकीची व्यापारप्रथा आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४मध्ये काढलेला एक आदेश १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या कर्जांना लागू आहे. त्यानुसार कर्जाआधी ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस द्यावं लागतं. त्यात विम्यासारखे दुसऱ्या कंपनीसाठी घेतलेले पैसेही वेगळे दाखवायचे असतात. केएफएसमध्ये नसलेली फी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि हा कागद ग्राहकाला समजेल अशा भाषेत हवा. म्हणजे मराठीत मागा, बिनधास्त!

हा नियम शोभेचा नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने पुण्याच्या बजाज फायनान्सला 'ईकॉम' आणि 'इन्स्टा ईएमआय कार्ड' या दोन योजनांखाली नवी कर्जं देणं थांबवायला सांगितलं होतं. कारण होतं डिजिटल कर्जाचे नियम, विशेषतः केएफएस देण्याचा नियम न पाळण्याचं. बंदी उठली मे २०२४मध्ये. (आमच्या फ्रिजची कंपनी ही नव्हे.)

काउंटरवरच्या पोराचा मला फारसा राग येत नाही. तोही याच लाइनचा, महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असलेला. पण तीन ओटीपींपैकी कुठला कशाचा हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्याने ते सांगितलं नाही, हेही खरंच.

आणि पाणी शिरलं तर?

दादाचं म्हणणं होतं, 'राहू दे ना वॉरंटी. आपल्याकडे पूर येतो.' बदलापुरात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये त्याच पाण्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन तरंगत होती.

वहिनीने वॉरंटीच्या अटी काढून त्याच्यासमोर धरल्या. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर ही सुरू होणार आणि मशीनमधल्या बिघाडापुरतीच चालणार. पुराचं पाणी त्यात बसतच नाही. त्यासाठी लागतो घराचा विमा. २०२१पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर येतो, आणि घरातलं सामानही. ज्या भीतीपोटी लोक ही वॉरंटी घेतात, ती भीती तशीच राहते. पैसे मात्र जातात.

चार ओळींचा मेल

वहिनीने दुकानाशी वाद घातला नाही. कर्ज फायनान्स कंपनीचं, त्यामुळे मेल तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला. 'फ्रिज घेताना ही दोन उत्पादनं सक्तीची असल्याचं सांगण्यात आलं. मी ती मागितली नव्हती. माझं केएफएस आणि संमतीची नोंद पाठवा. दोन्ही रद्द करून पूर्ण रक्कम परत करा.' सोबत बिल, स्टेटमेंट आणि ओटीपीच्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट. हप्ते भरणं मात्र तिने थांबवलं नाही. रागाच्या भरात हप्ता चुकवला तर सिबिल स्कोअर आपलाच बिघडतो.

बाराव्या दिवशी १,१९९ रुपये आले. वॉरंटीबद्दल उत्तर होतं, 'विक्रीनंतर रद्द होत नाही.' वहिनीचा प्रश्न, 'जी वॉरंटी अजून सुरूच झाली नाही, तिचा मी काय वापर केला?' सव्विसाव्या दिवशी उरलेले २,३०१ रुपयेही खात्यात!

नसते आले तर? तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही. माहितीसाठी १४४४८. दुकानाविरुद्ध तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीवन किंवा आरोग्य विम्याची वर्षभराची वा त्याहून मोठी नवी पॉलिसी चिकटवली असेल, तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आणि शेवटी ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंत फी शून्य, आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी केस तुम्ही राहता त्या जिल्ह्यात.

साडेतीन हजारांसाठी एवढा खटाटोप? ब्रिटनमध्ये कर्जासोबत चिकटवलेल्या 'पीपीआय' विम्याची रक्कमही माणशी फार मोठी नव्हती. पण लोक मागत गेले आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत करावे लागले. भाडं भरत भरत मालक व्हा, अशा पद्धतीने फ्रिज-टीव्ही देणाऱ्या तिथल्या दुकानांना तर २०१९मध्ये वस्तूसोबत त्याच क्षणी वॉरंटी विकायला मनाई झाली. ग्राहकाला दोन दिवस विचार करू द्यायचा, मग विचारायचं.

माझा अंबरनाथचा एक मित्र एवढा नशीबवान नाही. वहिनीचा किस्सा ऐकून त्याने जुनं स्टेटमेंट उघडलं, तर वॉशिंग मशीनखाली तशाच दोन ओळी. पण खरेदीला तीन वर्षं उलटलेली. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची, आणि उशीर माफ व्हायला सबळ कारण लागतं. 'पाहिलंच नाही' हे सांगायला त्याला लाज वाटतेय.

वहिनी आता एसी बघतेय. परवा त्याच दुकानात गेली. पोराने ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला आणि सवयीने म्हणाला, 'मॅडम, ओटीपी आला असेल.'

'आलाय,' वहिनी म्हणाली, 'आधी मराठीतलं केएफएस दाखव.'