भिंतीआडची तार कशी शोधायची?

न दिसणाऱ्या वस्तूचा ठावठिकाणा काढणं हे विज्ञानातलं नेहमीचंच काम आहे. पृथ्वीच्या पोटात काय आहे ते कुणी खणून पाहिलेलं नाही. भूकंपाच्या लहरी आत शिरून कशा बाहेर येतात, यावरून ते ठरवलं गेलं. डॉक्टर छातीवर बोटांनी ठोकतात आणि आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकतात. एक खूण आत पाठवायची, परत काय येतं ते पाहायचं आणि त्यावरून आतल्या रचनेचा तर्क करायचा, अशी ही पद्धत. ती घरगुती पातळीवर समजून घ्यायची असेल तर भिंतीत हरवलेली टेलिफोनची तार हे फार चांगलं उदाहरण आहे. सातवी-आठवीपासून आपण शिकवतो ती वीज, चुंबकत्व आणि लहरी ही सगळी प्रकरणं या एका तारेवर येऊन भेटतात.

एका घराची चार घरं

हा प्रश्न विशेष करून ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांत पडतो. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात एकेका कुटुंबासाठी तीन-चार मजली, एकमेकांना चिकटलेली घरं रांगेनं बांधली गेली. विसाव्या शतकात एवढं मोठं घर एका कुटुंबाला परवडेना, तेव्हा त्यातल्या कित्येक घरांचे मजल्यामजल्यानं वेगळे फ्लॅट केले गेले. आपल्याकडे मोठ्या वाड्यात बिऱ्हाडं झाली तसंच काहीसं. दिवाणखान्याच्या मधोमध पातळ भिंत आली, एक दार बुजलं, जिन्याखालच्या कोनाड्याचं स्वयंपाकघर झालं. टेलिफोनच्या तारा मात्र जुन्या घराच्या आखणीप्रमाणेच राहिल्या.

त्यात आणखी एक भर पडली. ब्रिटनमध्ये १९८१ पर्यंत टेलिफोन भिंतीतल्या तारांना कायमचा जोडलेला असे. त्या वर्षी प्लग आणि सॉकेटची पद्धत सुरू झाली. मग कुणी सॉकेट बसवलं, कुणी त्यापासून झोपण्याच्या खोलीपर्यंत जादा तार ओढली. पुढच्या भाडेकरूनं ते सॉकेट काढून वर रंग दिला. अशा चाळीस-पन्नास वर्षांच्या थरांखाली तार कुठून कुठे जाते हे सांगणारा कागद बहुधा कुणाकडेच नसतो.

शोधायची कशाला?

आता मोबाइल आहे, मग जुनी तार सापडली काय आणि न सापडली काय, असं वाटेल. पण बऱ्याच घरांत इंटरनेट अजून याच तांब्याच्या जोडीवरून येतं आणि तिथे विसरलेली तार त्रास देते. कशी ते पाहू.

समजा, मुख्य तारेला मध्येच एक फाटा फुटला आहे. हा फाटा १० मीटर लांब आहे आणि त्याच्या टोकाला काहीच जोडलेलं नाही. संदेश फाट्यात शिरतो, उघड्या टोकावर आपटून परत येतो आणि मुख्य तारेवरच्या संदेशात मिसळतो. तारेतून लहर साधारण प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगानं जाते. जाऊन-येऊन २० मीटर अंतर कापायला तिला सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. ५० लाख हर्ट्झच्या लहरीला एक पूर्ण आवर्तन करायला याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणून परत आलेली लहर बरोबर अर्ध्या आवर्तनानं मागे पडलेली असते. मुख्य लहरीचा उंचवटा आणि हिचा खळगा एकाच वेळी येतात आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. दीड कोटी हर्ट्झलाही हेच घडतं.

बोलण्यासाठी टेलिफोन साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच्याच लहरी वापरतो. त्या लहरींच्या मानानं १० मीटर म्हणजे काहीच नाही, म्हणून बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पण तांब्याच्या तारेवरचं वेगवान इंटरनेट दीड कोटी हर्ट्झच्याही वरपर्यंत जातं. त्यामुळे एकाच तारेवर बोलणं उत्तम चालतं आणि इंटरनेट मात्र अडखळतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. विभागलेल्या घरात एका फ्लॅटच्या भिंतीतून शेजाऱ्याची तारही जात असू शकते. आपल्या मते निरुपयोगी असलेली तार कापली आणि ती वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंची निघाली तर? तिकडे पुष्कळ वृद्धांच्या गळ्यात मदतीची कळ असते आणि ती दाबली की टेलिफोनच्या तारेवरून निरोप जातो. म्हणून कुठलीही तार ओळख पटल्याशिवाय तोडायची नाही, हा पहिला नियम.

आधी डोळे, मग उपकरणं

शोधाची सुरुवात घराबाहेरून करावी. तार खांबावरून आली असेल तर छपराखाली तिचा आकडा दिसतो. जमिनीखालून आली असेल तर तळाशी पेटी असते. तिथून तार चौकटीतल्या भोकातून आत शिरते आणि पुढे बहुतेक वेळा भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या लाकडी पट्टीवरून, जिन्याच्या कडेनं किंवा फळ्यांच्या जमिनीखालून जाते. तार ओढणाऱ्यालाही कष्ट वाचवायचे असतात. त्यानं सर्वांत सोपा मार्ग घेतला असेल असं धरून चाललं की निम्मा नकाशा तयार होतो. रंगाच्या थराखाली सरळ रेषेत धावणारा बारीक उंचवटा दिसला तर तीच तार असण्याचा संभव मोठा.

इथे विजेच्या तारांचा धोका आहे. ब्रिटनमध्ये २३० व्होल्टच्या तारा भिंतीत नेण्याचे ठरलेले पट्टे आहेत: स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर-खाली वा आडव्या रेषेत, किंवा भिंतीच्या वरच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासून १५ सेंटिमीटरच्या आत. पण जुन्या कामात हा नियम पाळला असेलच असं नाही. म्हणून संशयित तार विजेची नाही याची खात्री होईपर्यंत तिला हात लावायचा नाही आणि ती खात्री जाणकारानंच करायची.

धातुशोधक यंत्र फिरवलं तर? त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र धातूत भोवरधारा निर्माण करतं आणि त्या धारेवरून धातू ओळखला जातो. टेलिफोनची तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. त्या जुन्या घरांच्या आतल्या भिंती लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा देऊन केलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते. यंत्र खिळ्याखिळ्याला ओरडतं आणि त्या गर्दीत तार हरवते.

तारेची स्वतःची खूण

टोक सापडलं तर पहिला प्रश्न असा: ही तार जिवंत आहे का? जुन्या पद्धतीच्या चालू लाइनवर फोन ठेवलेला असताना दोन तारांत सुमारे ५० व्होल्ट विभवांतर असतं. रिसीव्हर उचलला की ते दहा व्होल्टच्या आसपास उतरतं, कारण आता धारा वाहू लागते आणि एक्सचेंजपर्यंतच्या लांब तारेच्या रोधात बाकीचं विभवांतर खर्च होतं. ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावं. घंटी वाजताना मात्र सुमारे ७५ व्होल्टची प्रत्यावर्ती धारा येते आणि तिचा झटका चांगलाच जाणवतो.

पूर्वी एवढी चाचणी पुरत असे. आता ५० व्होल्ट मिळाले नाहीत म्हणून तार मेलेली आहे असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून जुन्या पद्धतीच्या नव्या जोडण्या देणं थांबलं आणि जानेवारी २०२७ अखेर ती पद्धत पुरती बंद करायचं ठरलं आहे. ज्या घरात फक्त इंटरनेट घेतलेलं असतं, तिथल्या तारेवर साध्या मल्टीमीटरला काहीच दिसत नाही, पण संदेश चालू असतो. पुरावा नसणं म्हणजे वस्तू नसल्याचा पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

लांबी मोजणारे दोन नियम

बाहेरच्या लाइनपासून सोडवलेली, म्हणजे फक्त घरातली तारजोडी हाती असेल तर न पाहता तिची लांबी काढता येते. दुसऱ्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडलेल्या असतील तर रोध मोजावा. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८८ ओहम असतो. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या की जोडीच्या प्रत्येक मीटरला ०.१७५ ओहम होतात. मीटरनं २.१ ओहम दाखवले तर लांबी सुमारे १२ मीटर.

दुसरं टोक उघडं असेल तर धारा वाहणार नाही आणि रोध अनंत दिसेल. पण शेजारी-शेजारी असलेल्या दोन तारा म्हणजे एक लांबट कपॅसिटरच. त्याची धारकता मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असते. ६०० पिकोफॅरड आले तर लांबी पुन्हा सुमारे १२ मीटर. लांबी कळली की तार शेजारच्या खोलीपर्यंत जाते की वरच्या मजल्यापर्यंत, याचा निवाडा होतो. अर्थात तार मध्येच तुटलेली असेल तर ही लांबी तुटलेल्या जागेपर्यंतचीच असते.

सूर सोडा आणि ऐका

तार नेमकी कुठून गेली आहे हे शोधायला दुरुस्ती करणारे एक सोपी युक्ती वापरतात. एका टोकाला बॅटरीवर चालणारी छोटी पेटी जोडतात. ती सुमारे हजार हर्ट्झचा, खालीवर होणारा सूर तारेत सोडते. दुसऱ्या हातात पेनसारखी सळई असते आणि तिच्यात अॅम्प्लिफायर व छोटा स्पीकर असतो. सळई भिंतीवरून फिरवली की तारेजवळ सूर मोठा होतो आणि दूर गेलं की विरतो. तारेभोवतीचं बदलतं विद्युतक्षेत्र सळईच्या टोकावर प्रभार मागेपुढे ढकलतं आणि तेच वाढवून ऐकवलं जातं. सूर खालीवर होणारा घेतात तो एवढ्यासाठी, की घरातल्या विजेची ५० हर्ट्झची एकसुरी गुणगुण त्यापासून वेगळी ओळखू यावी.

यात एक गंमत आहे. सूर जोडीतल्या दोन तारांमध्ये सोडला तर तो फार क्षीण ऐकू येतो. एका तारेतून धारा जाते तेव्हा दुसरीतून ती उलट येते, त्यामुळे दोघींची क्षेत्रं थोड्या अंतरावर एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. त्यात तारांना पीळ दिलेला असतो. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि त्यांच्यातला फरक शून्य राहावा, हा त्या पिळाचा हेतू. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. जी तार बाहेरचं ऐकत नाही ती बाहेर बोलतही नाही. म्हणून शोध घेताना सूर एका तारेत आणि जमिनीत सोडतात. आता खोडून टाकणारी जोडीदारीण उरत नाही आणि भिंतीतून सूर स्पष्ट येतो.

तरी फसगत होऊ शकते, कारण शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या तारेतही तो सूर उतरतो. दोन तारांतली खरी कोणती हे ठरवायला पेटी पुन्हा जोडीवर लावतात आणि संशयित टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवतात. सूर गप्प झाला तर तीच आपली जोडी. दुसऱ्याच जोडीच्या तारा टेकवल्या तर मूळ सुरावर परिणाम होत नाही.

दोष आत की बाहेर?

ब्रिटनमधल्या बऱ्याच मुख्य सॉकेटचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढले की सुटतो आणि घरातल्या सगळ्या जादा तारा त्याच्याबरोबर वेगळ्या होतात. आत एक चाचणीचं सॉकेट असतं. मोडेम तिथे जोडल्यावर वेग सुधारला तर दोष घरातल्या फाट्यांत आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याआधी, म्हणजे कंपनीच्या बाजूला किंवा दुसऱ्या फ्लॅटमधून येणाऱ्या जुन्या जोडात असू शकतो. तिथे आपण हात घालायचा नसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणं, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

वर्गात करून पाहा

बुटांच्या खोक्याच्या झाकणाला सहा पितळी पिना टोचा. आतून काही पिना तारेनं जोडा, काही मोकळ्या सोडा आणि झाकण चिकटवून टाका. बॅटरी आणि टॉर्चचा दिवा वापरून आतला नकाशा काढायला मुलांना सांगा. तीन पिना एकमेकींना जोडलेल्या असतील तर तार नेमकी कोणत्या दोघींत आहे हे दिव्यावरून कळत नाही. या कोड्यावर चांगली चर्चा होते.

मोठ्या मुलांसाठी पुठ्ठ्यामागे एक लांब तार वेडीवाकडी चिकटवा. ५५५ क्रमांकाची आयसी, १ किलोओहम व ६.८ किलोओहमचे रोधक, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन नेहमीचं दोलक मंडल जुळवलं की सुमारे हजार हर्ट्झची चौकोनी लहर मिळते. ती शंभर ओहमच्या रोधकातून तारेच्या एका टोकाला द्या आणि दुसरं टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावून पुठ्ठ्यावरून फिरवा. रेडिओ तारेजवळ आला की भुणभुणू लागेल. हा प्रयोग फक्त बॅटरीवरच करायचा. भिंतीतल्या विजेच्या तारांशी त्याचा संबंध येऊ द्यायचा नाही.

मग मुलांना विचारा: परतीची तार जाणाऱ्या तारेला चिकटवून नेली तर आवाजाचं काय होईल? दोन्ही तारांना पीळ दिला तर? रेडिओ आडवा-उभा फिरवल्यावर आवाज का बदलतो? आणि पुठ्ठ्याऐवजी पत्रा ठेवला तर तार सापडेल का? उत्तरं आधी वहीत लिहून घ्यावीत आणि त्यानंतरच रेडिओ सुरू करावा.